समोरचं हॉस्पिटल

"कार्ड," खिडकीतल्या कारकून बाईनं हात पुढे केला.

कॅप्टनीणबाईंनी कार्ड दिलं आणि त्यावर फौजेच्या दवाखान्याची चिठ्ठीही ठेवली. नवऱ्याला नुकतंच स्ट्रेचरवरून आत नेलं होतं. इमर्जन्सीचं दार अजून झुलत होतं.

नवऱ्याचं कॅप्टन हे नाव इमारतीतल्या लोकांनी पाडलेलं. खरं तर त्यांची सगळी नोकरी फौजेच्या भांडारात बूट आणि कांबळी मोजण्यात गेली होती. पण चालणं असं ताठ, की दूधवालासुद्धा सलाम ठोकायचा. मग ओघानंच या कॅप्टनीणबाई झाल्या.

"फौजेचं कुटुंब ना? मग खर्चाची काळजी सोडा, सगळं योजनेत बसतं." कारकून बाईची बोटं भराभरा चालत होती. "त्रास कधी सुरू झाला?"

"नऊला. दाढी करत होते. एका गालाला फेस तसाच."

"आणि इथे आणलंत साडेअकराला." तिनं मान वर केली. "अडीच तास कुठे होतात, आजी?"

"चिठ्ठी आणायला गेलो होतो ना." कॅप्टनीणबाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, छातीत कळ येतेय तर सरळ समोर जाऊ. तर हे म्हणाले, फौजेच्या दवाखान्याची चिठ्ठी नसेल तर ते दारात उभं करणार नाहीत. मग काय, गेलो टॅक्सी करून गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे ही रांग! पुढचा माणूस म्हणाला, या काका, आधी तुम्ही जा. तर ह्यांनी त्यालाच सुनावलं, रांग म्हणजे रांग. नंबर आला, तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. हृदयाची सोय नाही त्यांच्याकडे. गाडी देऊन लगेच इकडे पाठवलं. पण तशातही ह्यांनी चिठ्ठी मागून घेतली. शिक्का राहिला होता, तो मारायला लावला."

बोलता बोलता त्या जराशा हसल्या. सगळा संसार चिठ्ठ्यांवरच तर झाला होता. दात काढायचा, चिठ्ठी. चष्मा हवा, चिठ्ठी. मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा हे आधी सायकल काढून चिठ्ठीसाठी पळाले होते. ते परत येईपर्यंत मुलगी हजर!

कारकून बाईनं चिठ्ठी उचलली, वाचली आणि खिडकीतून परत सरकवली.

"ही राहू द्या, आजी. लागत नाही."

"अहो, शिक्का आहे त्यावर."

"इमर्जन्सीत चिठ्ठी लागतच नाही. जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे थेट जायचं. नुसतं कार्ड दाखवायचं. फौजेला काय कळवायचं ते आम्ही दोन दिवसांत कळवतो." ती पुन्हा टाइप करू लागली. "राहता कुठे?"

कॅप्टनीणबाईंनी बोट दाखवलं. काचेच्या दारापलीकडे रस्ता होता. रस्त्यापलीकडे इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पांढरा टॉवेल वाळत होता.

कारकून बाई बघत राहिली. तिची बोटं थांबली.

"कधीपासून?" कॅप्टनीणबाईंनी विचारलं. "हा नियम कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, आजी." तिचा आवाज खाली आला होता.

कॅप्टनीणबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग आणखी एक घडी. मग आणखी एक.

बारा वाजून गेले, तेव्हा दार उघडून डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"आम्ही खूप प्रयत्न केला. तासभर आधी जरी..." म्हणाले, आणि कॅप्टनीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तिथेच थांबले. पुढचं त्यांनी नुसत्या मानेनं सांगितलं.

कुणीतरी खुर्ची आणली. कुणीतरी पाणी. कॅप्टनीणबाई बसल्या नाहीत आणि पाण्यालाही शिवल्या नाहीत.

त्यांची मुलगी आली ती धावतच. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. आईला पाहिलं आणि तिला विचारावंच लागलं नाही. आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती रडली. मग एकदम बाजूला झाली.

"तुझा फोन मला नऊला आला होता, आई. मी इतक्या लांबून आले, आणि दारात म्हणतात तुम्हीसुद्धा साडेअकराला पोचलात? घरासमोर हॉस्पिटल! चालत आलात तरी चार मिनिटं! कुठे होतात तुम्ही?"

"अगं, ती चिठ्ठी..."

"म्हणजे बाबांचाच हट्ट! वाटलंच मला. तूच सांग ना, आई, त्यांचाच हट्ट ना? जन्मभर नियम, नियम! स्वतःच्या जिवापेक्षा मोठा झाला नियम! कसं माफ करू मी त्यांना? इतका मूर्खपणा..."

"गप." कॅप्टनीणबाईंचा आवाज चढला नाही. "तसं म्हणू नकोस. त्यांचं बरोबरच होतं. इथे चिठ्ठीशिवाय घेतच नाहीत."

"कोण म्हणतं?"

कॅप्टनीणबाईंनी खिडकीकडे पाहिलं. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले होते.

"हिला विचार. हिचं रोजचं काम आहे ते."

मुलगी खिडकीकडे वळली. खिडकीतल्या बाईनं आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या आईकडे. कीबोर्डवरचे हात उचलून तिनं मांडीवर ठेवले.

"नाही घेत, ताई," ती म्हणाली. "चिठ्ठीशिवाय कुणालाच नाही घेत."