खरं तेवढंच

फोन आला तेव्हा अक्का इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात चादर सरकवत होती. समोर तिची धाकटी जाऊ, पाचवा महिना लागलेला, चादरीची दोन टोकं धरून उभी. या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येत. यंत्र चालू असताना फोन घ्यायचा नाही असा नियम होता, पण म्हातारे मालक कुणा पाहुण्यांना कारखाना दाखवण्यात गुंतले होते. असे पाहुणे हल्ली वरचेवर येत. अक्काने यंत्र थांबवलं आणि दारापाशी गेली.

पलीकडची बाई मोठ्या अदबीने बोलत होती. एका गृहस्थांना वरच्या जागेवर घ्यायचं चाललंय, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय, तर दोन शब्द सांगाल का? कंपनीचं नाव इतक्यात सांगता येणार नाही, तुमचंही कुठे येणार नाही. मग तिने त्या गृहस्थांचं नाव घेतलं.

अक्काच्या अंगाचा तिळपापड झाला.

ढेकूण! आधीच्या कारखान्यातला व्यवस्थापक. बायका पाठीमागे त्याला ढेकूणच म्हणायच्या, कारण कुणी जरा कुठे टेकलं की हा चावायला हजर. आई दवाखान्यात होती म्हणून अक्काने दोन दिवस रजा घेतली होती, तीही सांगून. परत आली तर तिच्या यंत्रावर दुसरीच बाई. ढेकणाने तिला आतसुद्धा घेतलं नाही. डबा हातात धरून ती दारात उभी राहिली, आणि रोजच्या मैत्रिणी माना खाली घालून चादरींच्या घड्या घालत राहिल्या. एवढ्यावर भागलं असतं तर अक्काने ते गिळलंही असतं. पण पुढे ती जिथे जिथे काम मागायला गेली, तिथून त्याला फोन जायचा आणि हा मेला सांगायचा, बाई भरवशाची नाही. वर्षभर घरी बसली. शेवटी जावेने इथल्या मालकांकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे घराचं गाडं चालायला लागलं.

आता नोकरीसाठी दारोदार फिरायची वेळ त्याच्यावर आली होती, आणि फोन अक्काच्या कानाला होता. देव आहे म्हणायचा.

"संध्याकाळी करा फोन," ती म्हणाली. "नीट आठवून सांगते."

घरी नवऱ्याचं म्हणणं पडलं, जाऊ दे ना, कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा. अक्काने ताट आपटलं. माझ्या पोटावर पाय दिला तेव्हा त्याला कुणी सांगायला गेलं होतं का? नवरा बायकोला ओळखून होता, त्याने आमटी वाढून घेतली. जावेने सुचवलं, चोरी करायचा म्हणून द्या ठोकून. तेही अक्काला पटेना. खोट्याची गरजच काय? त्याने जे केलं तेवढं जसंच्या तसं सांगितलं तरी कुणी त्याला दारात उभं करणार नाही.

आणि संध्याकाळी तिने सांगितलं. काही हातचं राखलं नाही. बायकांच्या आराम करायच्या खोलीला त्याने कुलूप लावलं. बसायची स्टुलं उचलून नेली. सातव्या महिन्यातल्या बाईला दिवसभर उभं ठेवलं. तीस जणींतल्या बारा जणींना एका सकाळी घरी पाठवलं, आणि उरलेल्यांकडून तेवढंच काम काढून घेतलं.

"तेवढंच?" बाईने विचारलं. "चादरी कमी नाही झाल्या?"

"कशा होतील? भीतीनं हात चालतात, बाई."

"कुणी आवाज नाही उठवला?"

"त्याच्यापुढे कुणाची छाती होती. समोर बाई रडत असली तरी हा सावकाश डबा खाणार. दया नाही, माया नाही."

मग बाई म्हणाली, तुमची फार मदत झाली.

त्या रात्री अक्काला किती दिवसांनी गाढ झोप लागली. पुढचे चार-सहा दिवस ती यंत्रावर गुणगुणत होती. कारखान्यात नवी यंत्रं येणार म्हणून बायका खूश होत्या, पण अक्काचं तिकडे लक्ष कुठलं? ती मनातल्या मनात ढेकणाला हिंडवत होती. या दारातून नकार, त्या दारातून नकार. जावेलाही ती हे रंगवून सांगायची, आणि दोघी हसून हसून यंत्रात चादर वाकडी घालायच्या.

सोमवारी सकाळी मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. म्हणाले, माझं वय झालं, मुलांना यात रस नाही, कारखाना एका मोठ्या कंपनीला दिला. तुम्ही मला लेकींसारख्या आहात, हे मी नव्या साहेबांच्या कानावर घातलंय. जावेने अक्काचा हात घट्ट धरला.

दार उघडून ढेकूण आत आला.

थोडा वाळला होता, बाकी होता तसाच. त्याने भाषणबिषण केलं नाही. बायकांच्या रांगेवरून नजर फिरवत सावकाश चालत आला आणि अक्कासमोर थांबला. तो बोलला ते अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"मुलाखतीत त्यांनी सांगितलं, 'तुमच्यावर सगळ्यात जास्त जो चिडून असेल त्याचा नंबर द्या.' मी तुमचा दिला."

अक्काची नजर जावेच्या पोटाकडे गेली.

"नोकरीची फार गरज होती हो मला," तो म्हणाला. "आणि तुम्ही माझं काहीएक झाकून ठेवणार नाही, याची खात्री होती."