जुन्या नंबरचा ओटीपी

सहाव्यांदा ओटीपी गेला आणि सहाव्यांदा तो मेहजबीनला मिळाला नाही. स्क्रीनवर तेच शहाणं वाक्य: आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर संदेश पाठवला आहे. तिने फोन शिलाई मशीनवर आपटला.

"मोडंल की," तिचा नवरा वाजिद दारातून म्हणाला. जळोचीतल्या घरात पुढच्या खोलीत त्याचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आणि मागच्या खोलीत हिचं शिवणकाम.

"मोडू दे! नंबर जुना हाय, कवाच बंद झालाय, पन ऐकून घ्यायला तितं माणूस तर पायजे."

नऊ वर्षांपूर्वी ती 'ओळींचा बांध' या ऑनलाइन कवितामंडळात ब्लॉग लिहायची. तिथे सगळे टोपणनावाने लिहीत, कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नव्हता. सभासद म्हणून आत शिरल्याशिवाय कुणाची एक ओळसुद्धा दिसत नसे. मेहजबीन तिथे 'कऱ्हाकाठ' होती. बेचाळीस कविता लिहिल्या आणि मग सासूबाईंचं अंथरूण, दोन मुली, गिऱ्हाइकांचे ब्लाउज. रिचार्ज राहिला, नंबर गेला. कऱ्हाटीहून जळोचीला सामान हलवताना वाजिदने जुन्या कॅटलॉगांबरोबर तिची कवितांची वहीही रद्दीत घातली. आजही वहीचा विषय निघाला की तो दुकानात जाऊन उगाच नटबोल्ट मोजत बसतो.

म्हणजे त्या बेचाळीस कविता आता फक्त ब्लॉगवर होत्या.

आणि पेपरात बातमी आली की मंडळ पुस्तक काढतंय. प्रत्येक सभासदाच्या दहा कविता, रविवार संध्याकाळपर्यंत पाठवायच्या. खाली मंडळ चालवणाऱ्या राजेश्वरीबाईंचा नंबर होता. मेहजबीनने त्याच दिवशी फोन लावला.

"मी कऱ्हाकाठ. मला परत यायचंय."

"परत?" बाई हसल्या. "गेला कुठं होतात तुम्ही?"

इतकं गोड कुणी बोलावं! मंडळाचा नियम कडक होता. सहा महिने गप्प राहिलं की ब्लॉग बंद. तिने भीत भीत विचारलं, "माझा बंद नाही ना केलात?"

"छे हो, चालू आहे की. तुमचा कसा बंद होईल?"

आपल्यासाठी बाईंनी नियम वाकवला, हे तिने वाजिदला तीनदा ऐकवलं. पण नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर आलेल्या ओटीपीनेच बदलणार, त्यात बाईंचंही काही चालत नव्हतं. ही कुठली रीत? किल्ली हरवली म्हणून सांगायला गेलं, तर म्हणे आधी किल्ली दाखवा.

बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते, म्हणून शेवटी तिने स्वतःचाच जुना नंबर फिरवला. कुणा बाईने उचलला.

"तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा आला असंल, तेवढा सांगा की मावशी."

"आकडा कुनाला सांगायचा न्हाय. सरुबाई म्हंत्यात मला बावड्यात. मला फसवतीस व्हय?"

फोन कट. तिने पुन्हा लावला.

"अवो, बँकेचा न्हाय, कवितांचा हाय. कऱ्हाकाठ नावाचा ब्लॉग..."

नाव ऐकताच पलीकडचा आवाज चढला. "न्हाय म्हंजी न्हाय!" आणि मग फोन बंदच.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी तिने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि उसवताना रडली. रागच इतका होता. आपलीच अक्षरं, आणि आपल्यालाच उंबऱ्याबाहेर उभं केलेलं. रविवारी सकाळी तिने इंदापूरची एसटी धरली, तिथून अकलूजच्या गाडीने बावडा गाठलं. चौकात नाव घ्यायचा अवकाश, टपरीवाल्याने हात केला. "पेरूवाल्या सरुबाई? कॅनॉलच्या पल्याड."

बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये साठीच्या एक बाई क्रेटमधल्या पेरूंना एकेक फोमची जाळी चढवत होत्या. मेहजबीनने नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, हातातलं काम थांबवलं नाही.

"फोनवाली व्हय तू. इतक्या लांब आलीस?"

"माझ्या कविता हायत त्यात, मावशी. दुसरीकडं कुटंच न्हायत. संध्याकाळपातूर धाडायच्यात."

"तुज्याच कशावरनं? एक म्हणून दाखीव."

पाठ अशी एकच उरली होती, अगदी पहिली. मेहजबीन डोळे मिटून म्हणाली:

"अम्मीच्या हाताला मेंदीचा वास नव्हता,
मशीनच्या तेलाचा होता.
मी कुशीत शिरायचे,
तेव्हा झोप आधी तिलाच लागायची."

सरुबाईंचा हात थांबला. "व्हय, तुजीच दिसती," त्या म्हणाल्या. "पन ही त्यात न्हाय."

"न्हाय कशी? पयलीच हाय! आन् तुमाला काय ठावं त्यात काय हाय ते?"

"मला न्हाय तर कुनाला? ह्यो नंबर मला मिळाला, तवा पयलाच मेसेज आला. ब्लॉग बंद हुतोय, चालू ठेवायचा तर आकडा टाका. टाकला. म्हटलं, उघडलंच हाय तर लिवून बगावं." सरुबाई पदराने चष्मा पुसू लागल्या. "चारशेच्या वर झाल्या आता. त्यातल्या धा कालच राजेश्वरीबाईस्नी धाडल्या."

मेहजबीन पालथ्या क्रेटवर बसली.

"आन् माझ्या? माझ्या बेचाळीस?"

"त्या व्हय? त्या पयल्याच वर्सी काढून टाकल्या," सरुबाई पुढचा पेरू उचलत म्हणाल्या. "लई रडक्या हुत्या. माजं नाव खराब झालं असतं."