चिमणाबाईंची गोड विहीर

"कृष्णामाईनं आपलं जुनं पात्र सोडलेलं नाही. ती आजही या विहिरीच्या पोटातून वाहते आहे," असं प्रसेनजीत कांबळेनं भर दुपारी विहिरीच्या काठावर उभं राहून जाहीर केलं. श्रोत्यांत एक म्हैस होती. तिनं शेपटीनं माशी वारली आणि रवंथ पुढं चालू ठेवला.

हेच वाक्य त्याला पुढच्या आठवड्यात विद्यापीठात, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत म्हणायचं होतं. उसाला पाणी पाजून पाजून शिरोळकडच्या रानांत मीठ फुटलं होतं आणि विहिरी दरसाल जास्त खाऱ्या होत चालल्या होत्या. अपवाद एकच, चिमणाबाई पाटलांच्या परसातली ही विहीर. तिचं पाणी प्रयोगशाळेत कायम गोडच निघे. सगळा गाव खारट होत असताना एका विहिरीनं असा हट्ट धरावा, याला काही कारण लागतं. ते प्रसेनजीतनं शोधून काढलं होतं. जमिनीखाली नदीचं बुजलेलं जुनं पात्र. त्या पात्रावर त्याचा प्रबंध उभा होता, आणि प्रबंधावर नोकरी टेकली होती.

मार्गदर्शक सरांनी प्रबंध वाचला, पाठ थोपटली आणि जाता जाता म्हणाले, शेवटचा एक नमुना तेवढा स्वतःच्या हातानं काढून आण. प्रसेनजीत हो म्हणाला. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. कारण या विहिरीचा एकही नमुना आजवर त्यानं स्वतःच्या हातानं काढलेला नव्हता.

दर खेपेला तेच व्हायचं. कोल्हापूरच्या कसबा बावड्याहून जुनी एम-एटी गाडी हाकत तो धुळीनं माखून यायचा. चिमणाबाई त्याच्या हातातला कॅन घ्यायच्या, "तुमी बसा पावणं," म्हणून त्याला सोप्यात बसवायच्या, चहा द्यायच्या आणि चहा संपेस्तोवर आतून कॅन भरून आणायच्या. विहिरीकडं जाऊ म्हटलं की "च्या निवंल," म्हणायच्या.

प्रसेनजीतच्या आजोबांना असल्या विहिरींवर चढता येत नसे. खाली घागर धरून उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं तर वरून ओतणार. हे त्यानं वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की परसाच्या दारापाशी त्याचे पाय आपोआप थबकायचे. म्हातारी आपल्याला विहिरीवर का जाऊ देत नाही? पण मग कॅन हातातून कशी घेते? आणि चहा घरातल्याच कपात कसा देते? पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच पडायचा. विचारावं, तर उत्तर मिळण्याची भीती. मिळालं असतं तर भांडावं लागलं असतं, आणि भांडण झालं असतं तर विहीर गेली असती. विज्ञानात प्रत्येक गृहीतक तपासून बघतात. हे एक त्यानं तीन वर्षं चहाबरोबर गिळलं होतं.

आज मात्र तो सोप्याकडं फिरकलाच नाही. बाहेरच्या बाहेर गोठ्याला वळसा घालून थेट विहिरीवर आला होता. दोर खुंटीला होता, पोहरा शेजारी होता. तरी तो कॅन या हातातून त्या हातात करत घटकाभर उभाच राहिला, आणि धीर यावा म्हणून म्हशीपुढं भाषण करून झालं. शेवटी त्यानं दोराला हात घातला.

"अवो पावणं!" मागून चिमणाबाई पदर खोचत धावत आल्या. "सोडा त्यो दोर. ह्या हिरीला हात लावायचा न्हाय तुमी."

प्रसेनजीतचा तीन वर्षांचा सगळा चहा एकदम वर आला.

"का मावशी? कांबळ्याचा हात लागला तर बाटती काय तुमची विहीर?"

चिमणाबाई कपाळाला हात लावून विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

"आरं बाटायला त्यात ऱ्हायलंय काय? मिठवणी हाय निसतं. म्हस बी नाक मुरडून पिती. आमी समदी माळावरच्या झऱ्याचं पितो. मी सोता घागर आणत्ये डोक्यावरनं."

"मग माझ्या कॅनमध्ये?"

"झऱ्याचंच की. एवढ्या लांबनं ऊन खात येतोस, तुला मिठवणी देऊ व्हय?"

आपण पाणी तपासायला नेतो, प्यायला नव्हे, हे प्रसेनजीतनं कसंबसं सांगितलं. चिमणाबाईंना ते ठाऊक होतं. पण तपासायचं म्हणजे कुणीतरी चव घेणारच, आणि कोल्हापुरातल्या थोरल्या सायबाच्या तोंडात मीठ घातलं तर गावाची अब्रू काय राहिली, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पोटातली नदी निघून गेली तरी विहीर होती तशीच होती. प्रसेनजीतला कुणीतरी आपल्याशी वाईट वागलं असावं असं फार वाटत होतं, पण तसं कुणी सापडेना.

चिमणाबाईंनी उठून खुंटीवरचा दोर काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. "घे. वड, आन बघ चाखून."

त्यानं पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि ओंजळ तोंडाला लावली. तीन वर्षं त्या विहिरीखालून वाहणारी कृष्णा एका घोटात समुद्राला मिळाली.

तो तोंड वाकडं करून दोर खाली ठेवणार, एवढ्यात चिमणाबाई म्हणाल्या,

"आता वडतोयसच, तर म्हशीला बी दोन बादल्या वडून दे की. माझी कंबर धरलीया."