बेअरिंगवरचा टिक्का

आई, सुलोचनाबाई, पूजेचं ताट घेऊन आली तेव्हा भूमेश्वरीनं हलरच्या बेअरिंगवरचं पत्र्याचं झाकण काढून हातात घेतलं होतं. दसरा होता. धान कांडायचं हे यंत्र वर्षभर बंदच होतं, पण पूजा चुकवायची नाही असं तिनं सकाळीच बजावलं होतं.

झाकणावर रुपयाएवढा लाल टिक्का होता. तो भूमेश्वरीनंच लावलेला. ती गोंदियाच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. पाऱ्याचं आयोडाइड विरघळवलेल्या नितळ पाण्यात तिनं मोरचुदाचं पाणी ओतलं, तळाशी बसलेली लाल भुकटी वाळवून वार्निशात कालवली आणि भावाला, योगराजला, समजावून सांगितलं. थंड आहे तोवर लाल, तापलं की काळा, निवलं की पुन्हा लाल. काळा दिसला की यंत्र बंद कर. बहीण मास्तरीण असली की यंत्रालाही परीक्षा द्यावी लागते, असं म्हणून तो हसला होता.

मागच्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बेअरिंग तापून जाम झालं आणि पट्टा तुटून योगराजच्या कानशिलावर बसला. टिक्का मात्र लालच होता. मॅडमच्या औषधावर भरोसा ठेवला नि गेला, असं कुडवा गावातले लोक म्हणत. तिलाही तसंच वाटायचं. वर्गात मोरचुदाची बाटली उघडली की लाल टिक्क्याकडे बघत निर्धास्त उभा असलेला योगराज तिला दिसायचा, आणि पुढचं वाक्य सुचायचं नाही.

तिनं ताटातला दिवा उचलून झाकणाच्या मागून धरला. पत्र्याचा चटका बसू लागला तरी टिक्का लालच. चडफडून तिनं तो नखानं खरवडला, तर तेलकट लाल पापुद्रा सुटून आला. त्याच्या खालचा टिक्का काळा ठिक्कर पडला होता.

तिनं ताटाकडे पाहिलं. वाटीत तेलात कालवलेलं कुंकू होतं.

"अशी काऊन पाहून राहिली वं?" सुलोचनाबाई म्हणाली. "मागच्या साली तुया टिक्का फिका दिसला, तं मीच त्याच्यावर कुंकू लावलं. म्हटलं, पोराले सांभाळंन."

वर्षभराचं ओझं भूमेश्वरीच्या छातीवरून उतरलं, आणि आता ते कुणाच्या छातीवर जाऊन बसेल तेही तिला कळलं. तिनं झाकण उराशी पालथं धरलं.

"तुयं औषधच खोटं निघालं न, बाई?" आईनं हळूच विचारलं.

"हो माय. माह्यंच चुकलं."

सुलोचनाबाईनं डोळे पुसले आणि झाकण मागितलं. भूमेश्वरी ते निवेपर्यंत थांबली. मग उलटून पाहिलं. टिक्का पुन्हा लाल झाला होता.

आईनं बोट कुंकवात बुडवलं. भूमेश्वरीनं झाकण पुढं धरलं.