मोटारीची ओटी

"क्लच जळालाय," पद्माकर म्हणाला, "आणि तो कुणी जाळला हे मी सांगायला नको."

बसवनगुडीतल्या घराच्या फाटकापुढे त्यांची मॉरिस धुरकत उभी होती. बसवण्णाच्या देवळाचा चढ ती आत्ताच बैलगाडीच्या चालीनं चढून आली होती. वाटेत एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला. स्टीअरिंगवर प्रेमा होती आणि शेजारी तिचा नवरा पद्माकर. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या त्याला सायकलवाल्यानं मागे टाकणं फार लागलं होतं.

"उद्यापासून तू चालवू नकोस. शाळेत शिकवायला बसनं जात जा."

त्या गल्लीत गाडी चालवणारी प्रेमा एकटीच बाई होती. हे सुख ती सहजासहजी सोडणार नव्हती, भलत्या आरोपावरून तर मुळीच नाही. ती खाली उतरली आणि तिनं पदर कमरेला खोचला.

"क्लच गेला असता तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. इथं इंजिनच ओरडत नाही. तुम्ही बसा माझ्या जागी. गिअर काढा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा."

पद्माकरनं दाबला. इंजिन कण्हलं, मागून काळा धूर आला आणि पेट्रोलचा वास सुटला.

"बघा. गिअरमध्ये नाही, तरी चढत नाही. मग क्लचचा काय संबंध?"

पद्माकरनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. कारखान्यात त्याचं काम विमानाच्या पंखांशी, इंजिनाचं खातं वेगळं. हे तो चारचौघांत सांगत नसे.

चामराजपेटेहून बोलावलेला देवाप्पा मेस्त्री तेवढ्यात येऊन पोचला. धूर बघून तोच रडकुंडीला आला.

"अक्का, परवाच सगळं साफ केलो की ओ! आमच्या गॅरेजात वाऱ्यासारखी पळालती. देवीची आण!"

"आणि इथं आणून दिलीत तेव्हा?"

"इथं येताना... स्वल्प मंद वाटली."

"म्हणजे तुमच्याकडे धडधाकट आणि आमच्या वाटेला लागली की आजारी. गॅरेजातून निघताना शेवटी काय केलंत, अण्णा?"

"काय नाही की. बॉनेट लावलो आणि आलो."

प्रेमानं बॉनेट उघडलं. आत इंजिनावर हिरवा खण बांधलेला होता. खंडेनवमीला गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं चिरडली गेली. पण प्रेमाच्या सासूबाईंचं, चंद्राबाईंचं, तेवढ्यानं भागलं नव्हतं. घरात आलेली लक्ष्मी, तिची ओटी नको भरायला? बेळगावकडच्या बाईपुढे कोण बोलणार! ओटीतल्या नारळाची केव्हाच बर्फी झाली, खण मात्र इंजिनावरच राहिला. तो सगळ्यांनी पाहिला होता आणि कुणी हलवला नव्हता. गाडीत पाणी घालताना प्रेमासुद्धा त्याला रोज नमस्कार करत आली होती. आज तिनं नमस्काराऐवजी वाकून नीट बघितलं.

"आता दाबा," ती नवऱ्याला म्हणाली.

इंजिनाला हवा जिथून मिळते त्या डब्याच्या तोंडावरच खण बांधलेला होता. पद्माकरनं अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो आत ओढला गेला आणि तोंडाला गच्च चिकटला. पाय काढला तसा सैल पडला.

"पेट्रोल मिळतंय, हवा मिळत नाही," प्रेमा म्हणाली. "नाक बांधलंय तिचं."

देवाप्पानं कानाला हात लावले. "अय्यो! ते तर मी सोडलो होतो, अक्का. हात धुऊन सोडलो. काम झाल्यावर डोळ्याला लावलो आणि होतं तिथं परत बांधलो. देवीचं ते, बाहेर कसं ठेवायचं?"

पद्माकर मोठ्यानं हसला आणि एकदम थांबला. पायरीवर आई उभी होती. खणाला हात घालायची आता कुणाचीच छाती होईना.

"आई," प्रेमा म्हणाली, "तुम्हीच सोडा."

चंद्राबाई आल्या. खणाकडे बघत राहिल्या.

"नाक कुठलं नि तोंड कुठलं, मला काय ठाऊक? बांधण्याजोगी जागा दिसली, बांधला. पण देवीनं ऐकलं म्हणायचं."

"काय ऐकलं?"

"तू नवी शिकलेली. मार्केटकडच्या त्या लॉऱ्या कशा अंगावर येतात, ते बघते मी. देवीला म्हटलं, माझ्या सुनेला खुशाल गाडी चालवू दे, पण गाडीला फार वेग देऊ नकोस."

आपलं गाडी चालवणं सासूबाईंना पसंत नाही, असंच प्रेमा इतके दिवस धरून चालली होती. तिचे डोळे भरून आले.

चंद्राबाईंनी गाठ सोडली. पद्माकरनं पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मॉरिस अशी गरजली की समोरच्या कट्ट्यावरची कबुतरं उडाली. देवाप्पानं हात जोडले. पद्माकरनं बायकोकडे बघितलं, आणि शेजारच्या सीटवर सरकला. प्रेमा आपल्या जागी येऊन बसली.

चंद्राबाई मात्र तिच्या खिडकीशी येऊन थांबल्या. खण हातातच होता.

"पळायची जागा कळली. आता थांबवायचं कुठं असतं, ते दाखव."

प्रेमानं ब्रेककडे बोट केलं.

"पायाखाली? देवीचा खण पायाखाली बांधतात होय?"

मग प्रेमानं हँडब्रेकवर हात ठेवला. "हापण थांबवतो, आई. हा हातानं ओढायचा."

चंद्राबाई तिच्या मांडीवरून आत वाकल्या. त्यांनी हँडब्रेकला खण बांधला, गाठ आवळली, ओढून बघितली, पुन्हा आवळली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पळव."