चार गोगलगाई

"काका, तो दिवा राहू द्या ना बंद! तिकडे कोणी बघतच नाही!"

इलेक्ट्रिशियन काका शिडीवर चढलेसुद्धा होते. तोंडात टॉर्च. त्यांनी नुसता हात हलवला, म्हणजे गप्प बस पोरी.

घाईबाई शिडीखालीच घुटमळत राहिली. मित्रमंडळींनी तिला हे नाव उगाच नव्हतं ठेवलं. चित्रकलेचे सर घसा फोडून सांगायचे, जुन्या कॅनव्हासवर चित्र काढायचं तर आधीचा रंग खरवडून टाक. हिला कुठला दम! भंगारवाल्याकडून जुना कॅनव्हास उचलला, वर सरळ पांढरा रंग फासला आणि बसली नदी काढायला. पण खालच्या रंगाचे हे जाड उंचवटे! ब्रश सारखा अडखळायचा. शेवटी वैतागली आणि ब्रश नेईल तिकडे गेली. नदी राहिली बाजूला. झाली एक खिडकी, एक खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरी बाई. अंबाड्यापाशी ब्रश असा काही घसरला, की पुसायच्या कंटाळ्यानं तिनं तिथे चक्क चमचा खोचून दिला. सगळे खो खो हसले. "ही बाई डोक्यानं जेवते की काय गं?"

पण तिचं सगळ्यात लाडकं चित्र तेच. उंचवटे दिसू नयेत म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलेलं. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, एकाही चित्राखाली 'विकलं'ची लाल टिकली नाही, आणि अर्ध्या तासात सर येणार!

काकांनी शिडीवरून मान वळवली. टॉर्चचा उजेड चित्रावर तिरका पडला आणि लपवलेलं सगळं झरझर वर आलं. रेघांवर रेघा. चारही कोपऱ्यांत गोल गोल वळसे.

काका खाली उतरले. टॉर्च आता हातात, आणि उजेड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

"या गोगलगाई... ही आमच्या अक्काची सही. चारही कोपऱ्यांत काढायची. ती गेली, घर बदललं, मी कामावर होतो. घरच्यांनी सगळी चित्रं भंगारात दिली. एकसुद्धा उरलं नाही गं."

घाईबाईच्या आत्ता लक्षात आलं. आपण यांच्या अक्कावर पांढरा रंग फासला!

"काका, मी खरवडते. माझं सगळं काढून टाकते. हळूहळू, अजिबात घाई करणार नाही. खालचं निघेल, नक्की निघेल!"

"खाली खिडकी आहे. आणि रिकामी खुर्ची," काका म्हणाले. "शेवटचं चित्र तिचं. म्हणायची, या खुर्चीत मी बसणार आहे, पण मेलं स्वतःला काढायला जमत नाही."

बोलता बोलता त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. कोपरा लख्ख उजळला. तेव्हा कुठे त्यांनी वरचं चित्र समोरून पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिले.

मग ते टेबलापाशी गेले, टिकल्यांच्या पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि स्वतःच्या हातानं चित्राखाली चिकटवली.

"खरवडू नकोस, बाळ. अक्काकडे ब्रश कधी नव्हताच. चमच्याच्या दांडीनं रंगवायची, आणि हात थांबला की चमचा अंबाड्यात खोचायची."