राणीचं बाळंतपण

रविवारी अंबरनाथला प्रगतीच्या घरी फाशांवर चालणारा राजा-राक्षसांचा खेळ रंगात आला होता. नेमकं तेव्हाच प्रगतीच्या राणीला कळा लागल्या. खेळ चालवणाऱ्या चेतनने बसल्या जागी नियम काढला, "सहा पडले तर बाळ-बाळंतीण सुखरूप. पण बाळंतिणीने तलवार उचलायची नाही."

"चीटिंग आहे यार ही! मग राक्षसाला कोण अडवणार? आजच्या पौर्णिमेला यज्ञ केला की तो अमर होणार!" वर्षभर जपलेलं राज्य हातचं जाताना पाहून प्रगती रडकुंडीला आली.

कोपऱ्यात जप करणाऱ्या सासूबाईंनी माळ थांबवली. "राक्षस बाळाचा कोण लागतो गं?"

"सख्खा काका, आई. शापाने राक्षस झालाय."

"यज्ञाला बसला नाही ना अजून? मग देवाचं नाव घे आणि टाक फासा."

सहा पडले. राणीला मुलगी झाली.

"अभिनंदन, काकू," चेतन सासूबाईंकडे बघून हसला. "पण आता तलवार कोण उचलणार?"



"तलवार कशाला रे?" सासूबाई म्हणाल्या. " यज्ञ करणारा आहे, म्हणजे सोयरही पाळत असेल. बस म्हणावं आता दहा दिवस गप्प!"